माझी नाणी खोटीच आहेत

ती. काकांना पुतणीचा वाकून नमस्कार (गुडघा धरून का होईना, पण वाकून).

तब्येत कशी आहे? माझ्या हातच्या कवळीने तुम्ही दोन्ही वेळा नीट जेवता असं काकू फोनवर म्हणाल्या, बरं वाटलं. खालची टोचली तरी स्वतः कानस घेऊन बसू नका. मागच्या वेळचं मी विसरलेले नाही. इकडे सगळे खुशाल. परवा घरी पोलीस आले होते, पण घाबरू नका, चहा पिऊन गेले.

माझा छंद तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या काळी लोकांनी बाजारात खपवायला चोरून पाडलेली खोटी नाणी मी जमवते. खऱ्या नाण्यांत मला रस नाही. टांकसाळीतल्या माणसाला कसली धास्ती? पण मागच्या खोलीत दार लावून, साच्यात शिसं ओतून, वर चांदीचा पातळ मुलामा चढवणाऱ्याचे कान दाराकडे असणार, आणि त्या घाईत त्याने एखादं अक्षर उलटं कोरलं की ते नाणं मला सोडवत नाही. (पस्तीस वर्षं कवळ्यांचे साचे ओतले, मला त्यांच्या चुका लगेच दिसतात. एकाला तर मी कामावर ठेवलं असतं.)

तर मंगळवारी मी फोनवर याच नादाच्या एका बाईंना सांगत होते, की माझ्याकडे खोटी नाणी एकवीस आहेत, दोन तुम्हाला देते, इतकी सुबक की बाजारात कुणी ओळखणार नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, निवृत्त तिकीट तपासनीस. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला सोडलं नाही, मला काय सोडणार? दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार दारात, सोबत एक सराफ.

मी तबक पुढे ठेवलं. प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी, "खोटे, शिसे", "खोटे, तांबे". हवालदारांनी विचारलं, "बाई, हे तुम्हीच लिहिलंत?" म्हटलं, अक्षर माझंच. सराफाने एकेक नाणं तोललं, कसोटीवर घासलं. तो "खोटं" म्हणाला की मी मान डोलवायची, अगदी मुलाचा निकाल ऐकावा तशी. चौदाव्याला तो थांबला. म्हणाला, हे खरं आहे. पंधरावंही खरं. माझा तोल गेला. "अहो, नीट बघा," मी म्हटलं, "माझी नाणी खोटीच आहेत. पावत्या आहेत माझ्याकडे." शेवटी हवालदारांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तो खरी म्हणतोय तर तुम्हीही खरी म्हणा ना. का स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

तुमचे जावई इतका वेळ खिडकीतल्या एकाच कुंडीला पाणी घालत होते. (खाली तपासनीसांच्या दारात ओघळ गेला होता.) ते येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी केलंय ते."

झालं होतं असं. माझ्या साठीला भेट म्हणून सगळी नाणी लखलखीत करायचं त्यांच्या मनात आलं. दोन नाणी पावडरीने घासली, तर चांदी फडक्यावर आली आणि खाली काळं शिसं. तसली खोटी दुसरी मिळवायला ते चार बाजार फिरले, मिळाली नाहीत. खरी मात्र ढिगाने होती, स्वस्तही. म्हणून दोन खरी आणून जागेवर ठेवली. तीन वर्षं मी त्या दोन्ही नाण्यांवर भिंग धरून पाहुण्यांना चुका दाखवत होते, आणि पाहुणेही दिसल्या म्हणत होते.

मला खूप रागवायचं होतं. पण दुखत्या कंबरेने चार बाजार पालथे घालून ज्याने माझ्यासाठी खोटं शोधलं, आणि नाही मिळालं म्हणून बिचाऱ्याने खरं आणून ठेवलं, त्याच्यावर नेमकं कशाबद्दल रागवायचं तेच सुचेना. हवालदारांना हसू आवरेना. ही नाणी बंद होऊन शंभर वर्षं झाली, आता ती कुणाला फसवणार, असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं, "घरात दोन खरी नाणी आढळली. तक्रारीत तथ्य नाही."

काकूंना नमस्कार.

तुमची धाकटी पुतणी

ता. क. आजोबांनी घोडी विकली तेव्हा त्यांच्या गळ्यात मारलेलं खोटं नाणं तुमच्या दाढीच्या डब्यात आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते मला द्या. बदल्यात मी दोन खरी देते, चांदीची, सराफाने तपासलेली.

आणखी एक. नाणं न्यायला रविवारी तुमचे जावई येतील. पिशवीत त्यांनी फडकं आणि पावडर आत्ताच भरून ठेवली आहे. त्यांना जेवू घाला, दुपारी झोपू द्या, पण नाणं दाखवू नका. सोमवारी मी येते.