बेटाचं बिऱ्हाड

प्रिय मेहुणे ओगुतू यांस,

वारा पडलेल्या एका दुपारी, सरोवराच्या या काठावरून तुझ्या दाजीचे भरभरून आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? नैरोबीतल्या सरकारी खुर्च्या मऊ असतात म्हणे, पण मऊ खुर्चीनेच कंबर जाते असं माझं निरीक्षण आहे. तुझी बायको आणि जुळ्या मुली बऱ्या असतील. (थोरलीचा स्वभाव आमच्या सासूबाईंवर गेलाय असं तुझी ताई म्हणते. तेव्हापासून मी त्या सात वर्षांच्या पोरीशीही जपून बोलतो.) इकडे सगळं ठीक. शेळी व्यायली, ओमेना भरपूर सापडतेय, काठावर वाळत घातलेली ती मासळी उन्हात अशी चकाकते की बघता बघता माझा चहा गार होतो. आणि टीव्ही बंद आहे. हे आपलं ओघात आलं.

ओघात आलंच आहे तर सांगतो. गेल्या जूनमध्ये तुझ्याच खात्याच्या एक वाइरिमूबाई होडीतून बेटावर आल्या होत्या. टीव्हीचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन नवं डिजिटल सुरू व्हायचं होतं, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. बाईंना होडी लागली होती, आणि आमची भाषा येत नव्हती. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, त्यामुळे दुभाष्या म्हणून मलाच उभं केलं. शाळेमागच्या उंबराखाली सगळं बेट जमलं. पुढच्या बाकावर अदेरो आजी, वय नव्वद, काठी आडवी धरून.

सुरुवात फार छान झाली. बाई म्हणाल्या, स्पेक्ट्रम ही देशाची संपत्ती आहे. मी सांगितलं, आकाशात न दिसणाऱ्या वाटा आहेत, त्यांवरून आवाज आणि चित्रं ये-जा करतात, आणि कुणी कुठल्या वाटेनं जायचं ते सरकार ठरवतं. म्हातारे कोळी मान वर करून बराच वेळ बघत राहिले. एकानं विचारलं, बगळ्यांना या वाटा ठाऊक असतात का? हे मी बाईंना सांगितलं नाही, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता. मग ब्रॉडबँड आलं. ती रुंद वाट, मी म्हणालो, तिच्यावरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातात.

नेमकं तेव्हा एक पांढरं शीड पश्चिमेकडे निघालं होतं. पाणी दिसत नव्हतं, नुसता उजेड होता, आणि त्या उजेडावरून ते शीड कुणी ओढल्यासारखं सरकत होतं. संच बंद केल्यावर आतली माणसं कुठं जात असतील, असं काहीसं माझ्या मनात चाललं होतं. (तू हसशील. निवृत्त झाल्यावर तुलाही असले विचार येतील.) बाई काय बोलत होत्या त्यातले दोनच शब्द कानावर पडले, मायग्रेशन आणि डिसेंबर. मी लोकांना सांगून टाकलं, "सरकार म्हणतं, सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं. डिसेंबरनंतर जुन्या जागी कुणी राहायचं नाही."

सगळ्यांनी वळून आपापल्या घरांकडे पाहिलं. मग अदेरो आजी उठली. "माझा नवरा इथं पुरलाय. आमच्यासारख्या जुन्यांचं काय करणार ते विचार तिला."

मी विचारलं, जुन्यांचं काय? बाईंना वाटलं, जुने टीव्ही. त्या गोड हसून म्हणाल्या, "काळजी नको. जुन्यांना फक्त एक पेटी लागेल."

मी तेही सांगितलं.

आजी म्हणाली, "माप कधी घेतलं माझं?"

"सगळ्यांना एकाच मापाची," बाई म्हणाल्या. "आणि ती ज्याची त्यानं आणायची."

"बाई दिसते चांगल्या घरातली," आजी मला म्हणाली, "पण बोलणं बघ."

शेवटी बाईंनी विचारलं, मायग्रेशनला कोण तयार आहे? एकही हात वर झाला नाही. कोण विरोधात? सगळे हात वर, आजीचे दोन्ही. बाईंनी वहीत लिहिलं, 'बेटाचा एकमताने विरोध', आणि उलटीची पिशवी घेऊन होडीत बसल्या.

डिसेंबरात पलीकडच्या काठावर नवं प्रक्षेपण आलं. आम्हाला कुणी विचारलंही नाही, कारण आम्ही विरोधातले. आमच्या पडद्यावर आता नुसत्या मुंग्या. मला त्या आवडतात; त्यांच्याकडे बघत छान डोळा लागतो. पण संध्याकाळी सरोवरावरच्या वाऱ्याची बातमी देणारी मुलगीही त्यांतच गेली. गेल्या महिन्यात शेजारचा ओपोंडो चांगलं आभाळ बघून जाळी घेऊन निघाला आणि वादळात सापडला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच काठावरून चालत आला, हातात फक्त वल्हं. ते दोन दिवस त्याच्या आईनं चूल पेटवली नाही. मी तिच्या दारापर्यंत जाऊन तीनदा परत फिरलो.

बाकी सर्व क्षेम. पोरींना पापे.

तुझा दाजी,
न्यांगवेसो

ता. क. ‒ ती वही तुझ्याच कचेरीत असेल. 'विरोध' खोडून 'मान्य' करता येईल का? लिहिणाऱ्याचा हात घसरला म्हणायचं.

ता. क. २ ‒ ताईला बोलू नकोस. बाईंचं इंग्रजी कच्चं होतं, असं बेटावर सगळे समजतात आणि मी कुणाचा समज मोडलेला नाही. फोनच केला असता, पण आमच्या भिंती पातळ आहेत.

ता. क. ३ ‒ ओगुतू, पाकीट चिकटवायचं काम माझं असतं, म्हणून हे माझ्या हातचं. मी त्या दिवशी दुसऱ्या बाकावर होते, आणि इंग्रजी मलाही येतं. थांबवणार होते, पण अख्खं बेट पहिल्यांदाच एका बाजूनं उभं राहिलं होतं. मग मीही हात वर केला. तेव्हा ओपोंडोच्या आईची अर्धी माफी मलाही मागायची आहे. वाऱ्याची बातमी याच आठवड्यात सुरू कर, रेडिओवर, फोनवर, जमेल तशी. पेट्या पुढच्या वर्षी आल्या तरी चालतील. टीव्ही गेल्यापासून हे संध्याकाळी माझ्याशी बोलतात. बरंचसं चुकीचं असतं, पण बोलतात. ‒ तुझी ताई, अकेयो