गाडी न पकडणाऱ्यांची जागा

आबा, आज दुपारपासून मी कान्ह्याच्या स्टेशनवर बसलेय, तुम्ही बसायचात त्याच बाजूला. भर दुपारी लोकल नसतात, त्यामुळे फलाटावर मी, एक झोपलेलं कुत्रं आणि मांडीवर नकाशांची गुंडाळी, एवढंच. गंमत म्हणजे या बसण्याचा मला पगार मिळतो. आमच्या ऑफिसकडे लहान स्टेशनं नव्यानं आखायचं काम आलंय. छपरावर सोलर, पावसाचं पाणी साठवायला टाकी, बचत गटाच्या बायकांसाठी भाजीचे ओटे, बंद पडलेल्या खोलीत वाचनालय. स्टेशन नुसतं गाडी पकडण्यापुरतं नसावं, गावानं तिथं यावं, बसावं, चार शब्द बोलावेत, असं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. ते पान मीच लिहिलंय, आणि लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली.

तुम्ही जन्मभर रेल्वे फाटकावर गेटमन. गेट लावायचं, हिरवा झेंडा धरून उभं राहायचं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर फिरवायची. चाकातून धूर येतोय का, कुठं काही लोंबतंय का. सगळं ठीक असलं की मागच्या डब्यातला गार्डही झेंडा दाखवायचा. लहानपणी मला वाटायचं, तो तुमचा मित्र आहे. पुढे तुम्ही निवृत्त झालात, आई गेली, आणि सकाळचा चहा झाला की तुम्ही स्टेशनवर जाऊन बसायला लागलात. न थांबणारी गाडी येतेय असं कानाला जाणवलं की उठून उभे राहायचात, उजवा हात वर. हातात झेंडा नाही, अंगावर वर्दी नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच.

मी तेव्हा लोकलनं पिंपरीला कामाला जायचे. बरोबरच्या मुली तुम्हाला बघून हसायच्या. "अगं, तुझे बाबा सगळ्या गाड्यांना आशीर्वाद देतात का?" असं एकीनं विचारलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसलात आणि मी तवा उतरवता उतरवता बोलले, "उद्यापासून स्टेशनवर जायचं बंद करा. तिकीट नाही, कुठं जायचं नाही, तिथं बसायचं कशाला? लोक वेडं म्हणतात तुम्हाला." तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात. "बरं. न्हाई जात," एवढंच म्हणालात. मग मी तुम्हाला तळेगावच्या फ्लॅटवर घेऊन आले. तिसरा मजला, गॅलरीतून समोरची इमारत आणि खाली पार्किंग. तुम्ही कसलीच तक्रार केली नाहीत, म्हणून मी समजून चालले की तुम्हाला करमतंय. वर्षसुद्धा काढलं नाहीत तुम्ही तिथं.

गेल्या आठवड्यात गावकऱ्यांना काय हवं ते विचारायला फलाटावर बैठक घेतली. पुरुषांनी पार्किंग मागितलं. भाजीवाल्या मावशी मागं बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तर त्यांतल्या एक माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, "तू गेटवाल्या आबाची पोर ना गं?" मी हो म्हटलं.

"तुजा बा हितं हुता तवर आमाला भ्या नव्हतं. त्यो हात वर करून उठला, की आमी पाट्या मागं वढायचो. त्याच्या कानाला गाडी आदी कळायची. त्यो यायचा बंद झाला आन् पैल्याच आठवड्यात माजी कोथिंबिरीची पाटी वाऱ्यानं रुळावर गेली. मी धरायला वाकले, तर ह्या शेजारनीनं लुगड्याला धरून मागं वढलं, म्हून हाय." मग पुढं म्हणाल्या, "आजारी हाय का बगायला आमी तुमच्या घरी गेलतो. कुलूप हुतं."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. आबा, तुम्ही त्या संध्याकाळी एवढं तरी का नाही सांगितलंत? पण मी ऐकलं असतं का, तेही मला सांगता येत नाही.

नकाशात मी एक लांब कट्टा घातला, सावलीतला, रुळांकडे तोंड करून, ज्यांना कुठंच जायचं नाही त्यांच्यासाठी. साहेब म्हणाले, जागा वाया जाईल. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले. आज संध्याकाळची लोकलही मी मुद्दाम सोडली. घरी कोणी वाट बघत नाही, आणि इथं निदान माणसं येता-जाता दिसतात.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक खरं सांगते. काल मोठ्या सभेत तो कट्टा मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. कोणीतरी कौतुकानं विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, युरोपातल्या एका छोट्या स्टेशनवर पाहिलं होतं. आबा, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.