घेवड्याच्या सहा कुंड्या

१४ एप्रिल, रविवार

डार्लाने आज आईचे गमबूट घातले. बरोबर बसले तिला. मला ते अर्ध्या नंबराने लहान, म्हणून नोव्हेंबरमध्ये आई गेल्यापासून दाराशी तसेच उभे होते.

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "यंदा बाग डार्ला बघेल." रस्त्यावरचा बर्फ काढून झाला म्हणावं, तशा आवाजात. कार्लने डार्लाकडे, त्याच्या बायकोकडे, पाहून मान हलवली. म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. धाकट्या भावाला ठाऊक, दीड वर्षापूर्वी घरात आलेल्या त्याच्या बायकोला ठाऊक. मी याच घरात वरच्या मजल्यावर राहते.

मी बटाटे वाढून घेतले.

तळघरात दिव्यांच्या नळ्यांखाली माझी टोमॅटोची रोपं आहेत. छत्तीस बिया पेरल्या, चौतीस उगवल्या. आईने धरलेलं बी. त्यांचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

१७ एप्रिल

उत्तरेच्या भिंतीलगत अजून फूटभर बर्फ. मातीचं तापमान चार इंच खोलीवर ३८ फॅरनहाइट. आई असती तर ओरडली असती, "किती गं?" आणि मी आकडा सांगितला असता. बागेत माझं काम ते. मोजायचं मी, ठरवायचं तिने.

डार्लाने रासबेरीची छाटणी केली. ती गेल्यावर मी जाऊन पाहिलं. गेल्या वर्षी फळलेले जुने दांडे जमिनीलगत कापलेले, नवे ठेवलेले, हातभर अंतरात चार-पाचच. कापही स्वच्छ.

चुका शोधायला गेले होते. एकही सापडली नाही. दिवसभर डोकं दुखतंय.

२० एप्रिल, शनिवार

शनिवारचा सौना, लाकडी खोलीतली वाफेची अंघोळ. आधी बायका, मग पुरुष. इतकी वर्षं आई आणि मी. आता डार्ला आणि मी. तिच्या दोन्ही हातांवर रासबेरीचे ओरखडे.

"तुझे हात बघ किती गोरेपान," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत पाण्यालासुद्धा हातमोजे घालून हात लावत असशील."

"घालतोच आम्ही."

ती हसली. मी तापलेल्या दगडांवर जास्तीचं पाणी टाकलं. ती वरच्या बाकावरून उतरली नाही.

नंतर स्वयंपाकघरात तिने बाबांना कसलीशी गोष्ट सांगितली — तिचा काका, दोन घोडे आणि पाद्री. बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी पाच महिने रोज त्यांच्यासमोर बसतेय. औषधं वेळेवर देते. त्यांचं वजन लिहून ठेवते.

२३ एप्रिल

लीद आली. डार्लाच्या काकाकडून, ट्रेलर भरून. काळी, भुसभुशीत, चांगली कुजलेली. बाबांनी मूठ भरून वास घेतला आणि लहान मुलासारखे खूश झाले.

शेजारचे मिस्टर हौताला कुंपणापाशी उभे. "एवढी? घोडा मागे राहिला का काही?"

"पुढच्या खेपेला आणते," डार्ला म्हणाली. "तुमच्याकडे बांधू."

मी विचारलं, "घोड्यांना गवत कुठलं घालतात?"

"काय?"

"गेल्या वर्षी पाऊस नव्हता. काकांनी गवत बाहेरून आणलं असेल. त्यावर तणनाशक मारलेलं असेल तर ते घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. लिदीत राहतं. टोमॅटो, मटार, बटाटे, सगळ्याला बाधतं."

"अगं बाई, घोड्यालाच फोन करू का?"

हौताला हसले. बाबाही. मग बाबा म्हणाले, "टिल्डा, लीद आहे ती. सगळं काय तपासायचं असतं!"

एक बादली भरून मी तळघरात आणली.

२४ एप्रिल

सहा कुंड्या. तीन निव्वळ विकतच्या मातीच्या, तीन त्याच मातीत निम्मी लीद. प्रत्येकीत घेवड्याचे चार दाणे. घेवड्याला हे विष सगळ्यात लवकर कळतं. तीन आठवडे पुरेत.

२९ एप्रिल

माती ४६. डार्लाने मटार पेरला. ओळ दोरी न लावता सरळ.

२ मे

चोवीसपैकी तेवीस दाणे उगवले. अजून सगळे सारखेच.

खरं लिहायचं तर — मला ते वाकडे व्हायला हवे आहेत.

८ मे

रुबार्बच्या आंबट भाजीचा जुना गड्डा डार्लाने फावड्याने चिरून त्याचे चार केले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. तिला सांगत होते, आई फावड्यावर कशी उडी मारायची. मला कधी सांगितलं नाही. मला ते माहीत आहे म्हणून, की मी विचारत नाही म्हणून?

१३ मे

लिदीच्या तिन्ही कुंड्यांत नवी पानं आत वळली. पेल्यासारखी. शिरा जवळजवळ आलेल्या, शेंडा मुरगळलेला. साध्या मातीतली पानं सपाट. तीनपैकी तीन. शंकेला जागा नाही.

डार्ला शनिवारी लीद पसरणार आहे.

१४ मे

आज सांगायचं होतं. ती मागच्या दारी बाबांबरोबर कॉफी पीत होती. मी दारापर्यंत गेले. बाबा आईचं नाव घेऊन म्हणत होते, "आईलीनंतर बागेला हात तुझाच."

परत वर आले. मी एकदा सांगितलंय. तेव्हा सगळे हसले होते.

१६ मे

रोपं दोन तास बाहेर ठेवली, वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. उद्या तीन तास.

सांगितलं नाही.

१८ मे, शनिवार

तिने सकाळी आठला सुरुवात केली. ढकलगाडीच्या एकतीस खेपा. मी वरच्या खिडकीतून मोजल्या. पहिल्या खेपेला सांगता आलं असतं. दहाव्या खेपेलाही.

मटाराच्या ओळींमध्ये, बटाट्यांच्या सऱ्यांत, सगळीकडे दोन इंच. मग फावड्याने खाली-वर.

दुपारी तिने खालून हाक मारली. कपाळाला चिखल. "दक्षिणेच्या भिंतीचा वाफा मी लीद न घालता सोडलाय. तिथे तुझ्या आईंचे टोमॅटो असायचे ना? तिथे तुझी रोपं लाव. त्यात मी हात घालणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

सौनाला गेले नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

१९ मे

कुंड्या रिकाम्या करून धुतल्या.

१ जून

दव गोठायचे दिवस संपले. दक्षिणेच्या वाफ्यात अठरा रोपं लावली. उरलेली सोळा डार्लाने मागितली. "तुझी रोपं जाड बुंध्याची आहेत गं. बाजारातली काडीसारखी." मी दिली. आईचं बी, माझ्या हातांनी वाढवलेली रोपं, आणि मी ती त्या मातीसाठी तिच्या हातात दिली. त्यातल्या प्रत्येकाचं काय होणार, हे मला ठाऊक होतं.

५ जून

मटाराचे शेंडे वळले.

११ जून

बटाटे, मटार, सोळाही टोमॅटो. पानं नेच्याच्या कोंबासारखी गुंडाळलेली. माझे अठरा ताठ उभे.

डार्ला वाफ्यात मांडी घालून बसली होती. रडत नव्हती. एकेक पान उलगडून बघत होती, जसं काही आत चिठ्ठी आहे. तिने काकाला फोन केला. गवत बाहेरचंच होतं, फवारलेलं.

"टिल्डा म्हणाली होती," ती बाबांना म्हणाली. "मी थट्टा केली तिची."

बाबा पायरीवर बसले. हातात आईची टोपी. आज जेवले नाहीत. वजन न करताही कळतंय, उतरलेत.

१२ जून

बाबा वर आले. या जिन्याने ते वर्षातून एकदा येतात.

"बाग तू घे आता," म्हणाले. "डार्ला नाही म्हणतेय. तिला वाटतं तुझ्या आईची बाग तिने मारली."

मी विचारलं, तिला का दिली होतीत?

"तिने मागितली. मार्चमध्ये. म्हणाली, मला शिकवा, आणि मग निदान तुम्ही बाहेर तरी याल." मग म्हणाले, "मला वाटलं, तुला नको असेल. तू काही बोललीच नाहीस, पोरी."

दोन वर्षं, कदाचित तीन, त्या मातीत कोवळं काही जगणार नाही. मका येईल. गवत येईल. मला हवी होती ती बाग मला मिळाली.

१३ जून

कामावर नळाच्या पाण्याचे बारा नमुने. दोनदा तपासले. दोन्ही वेळा आकडे वेगळे आले. असं कधी होत नाही.

१५ जून, शनिवार

सौनात डार्लाला सांगितलं. पानं तेरा मेला वळली, तू अठराला लीद पसरलीस, मधले पाच दिवस मला माहीत होतं.

तिने दगडांवर पाणी टाकलं. मग म्हणाली, "बाबांना नको सांगूस. चूक माझी म्हणून ते विसरून जातील. तुझी म्हणून नाही विसरणार."

बाबा खालून जेवायला हाक मारतायत. त्यांना आता सांगणार आहे, डार्ला समोर असताना.