वाळवीचं गणगोत

४ जून
सरांच्या घरी पोचले एकदाची! खाली त्यांची प्रयोगशाळा, वर राहायच्या खोल्या. माझ्या वाट्याला पूर्वेची खोली आलीय, खिडकीशी ऐसपैस टेबल. काम वाळवीच्या वंशवृक्षाचं: नमुने तपासायचे, कोण कोणाची सख्खी, कोण चुलत ते ठरवायचं आणि झाड काढायचं. दादा फोनवर म्हणाला, आपल्या घरातली नाती तुझ्या लक्षात राहत नाहीत, वाळवीची काय राहणार! सरांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. स्वयंपाक त्यांच्याकडे. सूप तर असं, की लाज सोडून पुन्हा मागून घेतलं.

९ जून
वाळवी मुंगीची कोणी लागत नाही. ती झुरळाच्या कुळातली. तिचं सगळ्यात जवळचं नातलग म्हणजे लाकूड पोखरून आत संसार थाटणारं एक झुरळ. सरांनी आज त्याचं बिऱ्हाड दाखवलं: काचेच्या पेटीत कुजका ओंडका, आत आईबाप, मागे पांढुरकी पिल्लं. जन्मल्या जन्मल्या पिल्लांना लाकूड पचत नाही. ते पचवणारे सूक्ष्मजीव आईबापांच्या आतड्यात असतात. आईबापांच्या गुदद्वारातून पाझरणारा रस चाटून पिल्लं ते घेतात. वाळवीनेही हीच रीत उचलली. सर म्हणाले, एकत्र कुटुंब प्रेमातून नाही, पोटातून सुरू झालं. मी हसले. आक्काही हसल्या, जरा उशिराने.

२० जून
झाडाची खालची फांदी जुळली. सुट्टी घेऊन दादाकडे गेले होते. वहिनीने सगळं माझ्या आवडीचं केलेलं. चार घास गेले नाहीत तोच उलटून पडले. मग पाणीसुद्धा ठरेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वहिनी बिचारी ओशाळली. परत आले तर आक्का वाटी घेऊन दारातच उभ्या. मी आज येणार हे यांना कोणी सांगितलं? सूप प्यायले आणि ठणठणीत.

२४ जून
मुद्दाम बेकरीतून पाव आणून खाल्ला. तोच प्रकार. सरांच्या कानावर घातलं, तर काळजी राहिली बाजूला, त्यांनी विचारलं, पोटात किती वेळ टिकला? हा काय प्रश्न झाला! आता लक्षात येतंय, हे दोघं बाहेर कुठेच जेवत नाहीत. लग्नाचं आमंत्रण आलं तरी नुसता आहेर पाठवतात.

२९ जून
स्वयंपाकघराला नेहमी आतून कडी असते. आज नव्हती. भर दुपारी आत गेले. आक्का ओट्याशी पाठमोऱ्या, वाटी तोंडाला लावलेली. वाटलं, पीत असतील.
पीत नव्हत्या.
माझा धक्का लागून झाकण पडलं. त्या वळल्या, ओठ पुसले, जराही न चिडता म्हणाल्या, “घाबरतेस काय बाळा? तुझ्यासाठीच काढतेय. गार व्हायच्या आत घे.”

१ जुलै
दार लावून बसलेय. पोटात कण नाही. दादाला फोन केला, असशील तसा ये म्हटलं. कारण विचारत होता — काय सांगणार? बाहेर उंबऱ्याशी वाटी ठेवलीय. फटीतून वास येतो — नाही घेणार — नाही —

२ जुलै
घेतली. चाटूनपुसून. वर आणखी मागितलं.

३ जुलै
दादा आला! त्याचा आवाज ऐकला आणि रडूच फुटलं. धावत खाली गेले. म्हणे, प्रवासात काही खाल्लं नाही, जीव कासावीस झालाय. हात धरून तसंच बाहेर काढायला हवं होतं. पण निघाले तर मी खाऊ काय — हे एवढंच मनात आलं. दुसरं काही नाही.
आक्कांनी आत बोलावलं. त्या दमल्यात. म्हणाल्या, तुझा भाऊ, तूच वाढ. हातात वाटी दिली. रिकामी.
ती घेऊन वर पळून आलेय. दादा खालून हाका मारतोय — लवकर आण गं — फार भूक —
मी ओरडून सांगतेय, खाऊ नकोस. तोंड उघडतंय पण आवाजाऐवजी — गळ्याशी काहीतरी कोमट — वर —
जिन्यावर पावलं. दादा, येऊ नको— वाटी भरत—