जमिनीला हात लावू नकोस

सोल, ५ जानेवारी १९८४

ती. आईस,
गीचोलचा शि. सा. न. वि. वि.

तुझा खोकला अजून आहे, हे गावाकडून आलेल्या माणसाने सांगितलं. तू कळवलं नाहीस!

आई, जेजू बेटावर घागरीतलं पाणीसुद्धा गोठत नाही. एवढ्याशा थंडीसाठी घराची जमीन तापवायला तिच्याखालच्या चुलीत जाळ घालायचा, घोड्यांची लीद गोळा करायची, धूर खायचा, कशासाठी? महिनाअखेर घराचे जुने देव स्वर्गात परतले की नवे उतरेपर्यंत, तेवढाच आठवडा, कोपाची भीती न बाळगता घराला हात लावता येतो. त्या आठवड्यात गवंडी यांग येईल, तापती जमीन उकरून फळ्या टाकेल. पलंग आणि विजेची शेगडी बोटीने पाठवली आहे.

मिरान म्हणते, सासूबाईंनी आता शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारणं पुरे करावं. मलाही तसंच वाटतं. रागावू नकोस.

तुझ्या मायेचा भुकेला,
गीचोल

हादो, १६ जानेवारी

चि. गीचोल यास अनेक आशीर्वाद.

पलंग पोचला. अंगणात टाकलाय. त्यावर मुळ्याच्या चकत्या झकास वाळतात, सूनबाईला सांग.

थंडी एवढीशी म्हणे! शहाण्या, एकदा पाण्याखाली ये माझ्याबरोबर. वर आलं की हाडं कुडकुडतात. तापल्या जमिनीवर पाठ टेकते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरता येतं. हे तुला पक्कं ठाऊक आहे. जमीन गार झाली की म्हातारी गुमान घरी बसेल, हाच ना बेत? तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून गवंडी पाठवतोस!

धुराचा त्रास होतो, कबूल. धुराडं साफ करून दे. जमिनीला हात लावू नकोस.

मिरानला आशीर्वाद. राग तुझ्यावर आहे.
आई

हादो, २ फेब्रुवारी

चि. गीचोल यास आशीर्वाद.

यांग पहार घेऊन आला. मी जमिनीवर आडवी झाले. म्हटलं, आधी मला उकर. बिचारा परत गेला. दुसऱ्या दिवशी आला, तर आम्ही पाणबुड्या बाया समुद्रातून येऊन तिथेच पसरलेल्या, आणि मधोमध त्याची स्वतःची आई घोरतेय! तिला उठवायची कुणाची बिशाद? तोही हात शेकत बसला.

आठवडाभर आम्ही आळीपाळीने जमीन अडवून धरली. काल नवे देव उतरले. आता वर्षभर गावातला कुणीही या घरात खिळासुद्धा ठोकणार नाही. पुढच्या वर्षी पाठव पुन्हा, मी पुन्हा आडवी होईन.

तुझी काळजी कळते रे. खाली दम पूर्वीइतका पुरत नाही, भीती मलाही वाटते. ज्या दिवशी पुरणार नाही, त्या दिवशी मीच किनाऱ्यावर थांबेन. ते मी ठरवायचं, तू नाही.

माया आहे तशीच राहू दे. ओहोटी लागलीय, बाया हाका मारतायत. मी निघाले.
आई