तिन्ही सर्व्हरांचा सारखा मान

जानेफळ, रविवार

तीर्थरूप शेषरावमामांना भाचा हर्षलचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे (तुमचा विषय निघाला की थोडं चढतं, पण गोळीने उतरतं). पुण्याचं पाणी तुमच्या पोटाला आणि प्रेरणाचा चौथा मजला तुमच्या गुडघ्यांना मानवला असेल, अशी आशा आहे. लेकीकडे लिफ्ट बहुतेक बंदच असते म्हणे. पत्राचं कारण असं, की संस्थेच्या दवाखान्याचा कारभार दीड दिवस ठप्प झाला आणि त्यापायी माझी तिथली कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी जायची वेळ आली आहे. तुम्ही संस्थेचे विश्वस्त, शिवाय ही नोकरी तुमच्याच शब्दावर लागलेली (हे तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता), तेव्हा घडलं ते पहिल्यापासून तुमच्या कानावर घालतो. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितो आहे.

दवाखान्यात सर्व्हर तीन आहेत. एक बंद पडला तरी उरलेले दोघं काम ओढतात आणि रांगेतल्या पेशंटला पत्ताही लागत नाही, एवढ्याचसाठी तीन घेतले. पण ते देणगीतून आले, त्यामुळे त्यांच्यावर संगमरवरी पाट्या बसल्या: एकावर अध्यक्ष महादेवरावांचे वडील, दुसऱ्यावर विश्वस्त झुंबरबाईंचे यजमान, तिसऱ्यावर तुमचे वडील, आपले आबा. (पाट्यांनी हवेची जाळी झाकली गेली आणि सर्व्हर तापू लागले. पाट्या जरा सरकवू का, असं विचारलं तर मी नास्तिक ठरलो. तेव्हापासून तिथं टेबलफॅन आहे.)

तर त्यातलं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. मी योजना लिहून काढली: आधी एक बंद करायचा, त्यात नवं टाकायचं, चालू करून नीट चालतो का पाहायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. चुकलं ते इतकंच, की मी यंत्रांना पाट्यांवरच्या नावांनी लिहिलं. बैठकीत पहिली ओळ वाचली आणि महादेवराव उखडले, "माह्या बापाले काऊन सगळ्यात आधी बंद करून राह्यला बे?" मी घाईघाईने सांगितलं, की पहिला नंबर हा मानाचा असतो. ते शांत झाले आणि झुंबरबाई पेटल्या. "मंग आमचे मालक शेवटी काऊन? ते काय उरल्यासुरल्या पंगतीले बसणारे होते?" तेवढ्यात तुमचा फोन आला. आबा मधल्या नंबरावर गेले तर राजीनामा देतो म्हणालात. (तुमच्या राजीनाम्याला संस्था एवढी का घाबरते, मला कळलेलं नाही; आजवर तो एकदाही आलेला नाही.) शेवटी एकमताने ठरलं, की तिघांचा मान सारखा, तेव्हा तिन्ही एकदमच बंद करायचे, नारळ फोडून. मी म्हणालो, तसं केलं तर दवाखानाच बंद पडेल. त्यावर तुम्ही फोनवरून ओरडलात, "लय शाना झाला का? मंग तीन-तीन कायले घेतले बे?" हाच प्रश्न मी विचारणार होतो.

ठरल्या मुहूर्तावर महादेवराव, झुंबरबाई आणि तुमच्या वतीने शिपाई कडूबा, अशा तिघांनी तीन बटणं दाबली. फोटो निघाले. पुढे नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर यंत्रं उठली, पण खरी नोंद कोणाकडे यावर त्यांचं जमेना. प्रत्येक जण स्वतःलाच मुख्य समजू लागला (संगत लागते, दुसरं काय). दिवसभर ना केसपेपर निघाला, ना रिपोर्ट दिसला. हिवरा आश्रमाहून आलेल्या केसरबाईंचं ऑपरेशन रक्ताचा रिपोर्ट सापडेना म्हणून पुढे गेलं. सकाळपासून उपाशी बसलेली बाई, जाताना उलट मलाच म्हणाली, "जाऊ दे बाबू, मशीनच हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोतलं एकही माणूस तोवर तिथं उरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळं जागेवर आणलं आणि संध्याकाळी मला नोटीस मिळाली: तांत्रिक निष्काळजीपणा.

असो. मामींना नमस्कार सांगा, प्रेरणाच्या बाळाचा पापा घ्या.

आपला आज्ञाधारक भाचा (आज्ञा पाळली म्हणूनच ही वेळ आली),
हर्षल

ता. क. गुरुवारच्या बैठकीत माझा निकाल लागणार आहे; तिथं फोनवरून एवढंच सांगा, की पोरगं एकेक करा म्हणत होतं, आपणच ऐकलं नाही. एका वाक्याचं काम आहे. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जावईबापूंचा, म्हणजे प्रेरणाच्या नवऱ्याचा, फोन आला. शुक्रवारी माझ्या जागेवर हजर व्हायला येत आहेत. तुमच्या सांगण्यावरून हेच काम ते पुण्यात केव्हापासून शिकत होते, नारळ फुटायच्याही आधीपासून. तेव्हा गुरुवारी तुम्ही तोंड उघडायची गरज नाही. पण मामा, नवा आधी तयार करायचा, नीट चालतो का पाहायचं, मगच जुना बंद करायचा, आणि बाहेर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही: अख्ख्या संस्थेत माझी योजना समजली होती ती फक्त तुम्हाला.