अंगण वाकडंच होतं

प्रिय धाकट्या,

आधी माझा राग वाच, मग बाकीचं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर मी ओरडते आणि भिंतीपलीकडे बाबा सगळं ऐकतात.

तू पाठवलेलं नवं कोरं ग्राफिक्स कार्ड मी बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. एवढं लांबडं, की आतला एक पत्रा काढावा लागला. बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले होते, दर दोन मिनिटांनी झालं का, झालं का. रविवारी तुम्ही दोघं, तू तिकडून आणि बाबा इकडून, नेहमीसारखे गाडीच्या शर्यतीच्या गेमला बसलात आणि पहिल्याच वळणावर बाबांची गाडी कठड्यावर. पुन्हा कठड्यावर. बाबा म्हणाले, अरे, गेम अडकतोय. त्यावर तू खदाखदा हसलास आणि म्हणालास, नाचता येईना अंगण वाकडं! एवढं भारी कार्ड दिलंय, आता कारणं सांगू नका. स्पीकर चालू होता, शहाण्या. मी दारातच उभी होते.

ज्यांनी तुला सायकल शिकवली, गाडी शिकवली, त्यांना तू नाच शिकवतोस? त्या दिवसापासून बाबांनी गेमच्या स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ठेवलाय. विचारलं तर म्हणतात, वय झालं गं, पोरांचे खेळ आहेत हे.

मी दिवसभर दुकानात लोकांचे कॉम्प्युटर उघडते. घोडं कुठे पेंड खातंय हे बघायची आमची साधी रीत आहे. गेममधलं चित्र एकदम हलक्या दर्जाचं करायचं. कार्ड दमलेलं असेल, तर गेम लगेच पळायला लागतो. मी केलं. गेम ढिम्म! कार्ड निम्म्याहून जास्त रिकामं बसलेलं आणि जुना प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकतोय. तो हिशेब करून देईल तेव्हा कार्ड चित्र काढणार ना! कार्ड घेण्याआधी मी तुला विचारलं होतं, प्रोसेसरला झेपेल का? तू म्हणालास, ताई, तुझी अक्कल गिऱ्हाइकांसाठी ठेव. असा संताप आला होता तुझा! पण खरं सांगू, हायसंही वाटलं. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं, तुमचा हात नाही, प्रोसेसर मंद आहे. किती दिवसांनी मनापासून हसले ते.

काल माझ्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर काढून त्यांच्यात घातला. बोर्ड एकाच जातीचा, त्यामुळे चपखल बसला. कार्ड जोमाने कामाला लागलं, चित्र कुठेही अडकेना. बाबांनी टॉवेल काढला, बाह्या सरसावल्या. आणि त्याच वळणावर गाडी कठड्यावर.

तिसऱ्यांदा आपटली तेव्हा मी स्क्रीन सोडून त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. थरथरत होता रे. डाव्या हाताने ते तो दाबून धरत होते. म्हणाले, अजून जरा अडकतोय बघ. मी म्हटलं, हो बाबा, अडकतोय. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नाही, काल बापाशी बोलले. गुरुवारी त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. अंगण मी सरळ करून ठेवलंय, आता बदलायला काही उरलं नाही. तेव्हा काही पाठवू नकोस. तू ये. त्यांच्या शेजारी बस आणि त्याच वळणावर तुझीही गाडी आपट.

अजून चिडलेली, तरी तुझीच,
ताई